दादा हॉस्पिटलात आहे, हे चार वर्षांच्या बहिणीला कसं सांगावं?

डेंग्यूने ॲडमिट असलेला दादा "मामाकडे गेलाय" असं मुळीच सांगू नका. शेजारच्या काकू दारातच "आता ताप किती?" विचारतात आणि पोरांचे कान तिखट असतात. सरळ सांगा: "दादाला डास चावून डेंग्यू झालाय. परळच्या हॉस्पिटलात हाताला सलाईन लावलंय. रात्री आई तिथे थांबेल, आजी तुझ्याजवळ झोपेल."

एक गोष्ट तिने न विचारताही सांगाच: हे तुझ्यामुळे झालेलं नाही. या वयात मुलांना खरंच वाटू शकतं की आपण भांडताना "जा तू" म्हणालो, म्हणून तो गेला. सोबत खेळल्याने, उष्टं खाल्ल्याने डेंग्यू होत नाही, हेही सांगा.

बऱ्याच वॉर्डांत लहान मुलांना सोडत नाहीत. व्हिडिओ कॉल करा, पण हातावरची सुई, चिकटपट्टी दिसेल हे आधी सांगून ठेवा.

"कधी येणार?" याला तारीख देऊ नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसही जपावे लागतात, तेव्हा मुक्काम लांबू शकतो. "डॉक्टर हो म्हणाले की लगेच तुला सांगेन," एवढंच म्हणा. ती दहादा विचारेल; दर वेळी न चिडता हेच सांगा.