फुटकी बॅटरी, वासरू आणि पिवळं पीक: शिसं पेशीचं काय करतं?

नमस्कार मंडळी, एकाच विषयाचे तीन प्रश्न आलेत. एका दादांची ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी गोठ्यामागे पडून होती, वासरू तिथं चाटायचं, आता ते दात खातंय, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतंय आणि त्याला दिसत नाहीये असं वाटतंय. एका ताईंचं पीक तसल्याच जागेवर पिवळं पडतंय. आणि तिसऱ्यांनी विचारलंय की बॅटरीतलं शिसं नेमकं करतं काय, व्हिटॅमिन ई दिलं की त्याचं विष उतरेल का.

दादा, पुढचं नंतर वाचा, आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि बॅटरीचं नक्की सांगा, ही लक्षणं शिशाच्या विषबाधेची असू शकतात. रक्ताची तपासणी होते, कॅल्शियम ईडीटीए या शिसं बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाचं इंजेक्शन असतं पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. गाईंनीही चाटलं असेल तर दूध तपासल्याशिवाय कुणाला देऊ नका, वासरालाही नाही, शिसं दुधात उतरतं.

आता पेशीचं. पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थाचा पातळ थर, आणि उघडं राहिलेलं तेल जसं खवट होतं तसाच हाही होतो. ऑक्सिजनचे चवताळलेले कण, ज्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, ते या थरातल्या एका स्निग्धाम्लाला (फॅटी ॲसिडला) धरतात, ते शेजारच्याला बिघडवतं, अशी साखळीच लागते. एरवी पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ आणि कॅटालेजसारखी एन्झाइम्स (पेशीतली कामं घडवणारी प्रथिनं) हे कण विझवत असतात. शिसं स्वतः आग लावत नाही हो, ते या राखणदारांनाच पकडून ठेवतं, कारण त्यांच्यातल्या गंधकाला ते घट्ट चिकटतं. शिवाय हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका एन्झाइममधलं जस्त हटवून तिथं स्वतः बसतं, मग अर्धवट राहिलेला कच्चा माल साठतो आणि त्यातूनच आणखी फ्री रॅडिकल तयार होतात. म्हणजे दोन्हीकडून मार. आवरण गळकं झालं की आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. रक्तातलं बहुतेक शिसं तांबड्या पेशींतच असतं आणि त्यांना केंद्रक नसल्यामुळे नवी एन्झाइम्स बनवता येत नाहीत, म्हणून त्या लवकर फुटतात आणि रक्त कमी होतं.

ताई, हरितद्रव्य बनवायलाही तेच एन्झाइम लागतं, म्हणून पान पिवळं पडू शकतं. पण बॅटरीतलं ॲसिडही मातीत गेलेलं असतं, त्याने सामू (मातीचा पीएच) घसरतो, आणि सामू घसरला की शिसं जास्त विरघळून मुळांना मिळतं. तेव्हा नुसतं पान बघून ठरवू नका, सामू आणि शिसं दोन्हीची तपासणी करा. बहुतेक पिकांत शिसं मुळांमध्येच जास्त अडकतं, म्हणून त्या जागी कंदवर्गीय पीक नकोच, आणि पालेभाजीही नको कारण पानावर धूळ बसते.

व्हिटॅमिन ई आवरणातली ती साखळी तोडायला मदत करतं हे खरं, पण शिसं शरीरातून काढत नाही. शिसं हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे चाटणं थांबवणं हाच मोठा उपाय. बॅटरीचे तुकडे हातमोजे घालून गोळा करा, जाळू अजिबात नका, खालची वरच्या थरातली माती उचलून वेगळी ठेवा आणि विल्हेवाटीचं विचारून घ्या. उरलेल्या जागेत सामू कमी आला तर रिपोर्टप्रमाणे चुना, जोडीला शेणखत आणि स्फुरद (फॉस्फरस), स्फुरदाबरोबर शिसं न विरघळणाऱ्या रूपात बांधलं जातं. आणि तोपर्यंत जनावरं आणि लहान पोरं तिकडे फिरकणार नाहीत असं कुंपण आजच घाला.