थंडीतली सायकल आणि बाभळीचे काटे

प्रश्न : दादा, मी धुळ्यात राहतो, कामाला रोज सायकलनेच जातो. रस्त्याला सायकल ट्रॅक आहे पण नावालाच, पेव्हर ब्लॉक खचलेत, खडी पडलीय, वेड्या बाभळी आत घुसल्यात. त्यात ही थंडी, सकाळी 6.30 ला निघतो तर अंधारच. पंक्चरनं जीव नकोसा झालाय. ट्रॅक सोडून रस्त्यावर यावं का? – एक वाचक, धुळे

उत्तर : या भाऊ, बिनधास्त रस्त्यावर या, पण उजेड झाल्यावर. जानेवारीत आपल्याकडे 7 वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही, त्यामुळे अर्धा तास उशिरा निघणं जमत असेल तर जमवाच. नसेल जमत तर पुढे पांढरा, मागे लाल लाइट पाहिजेच, आणि हातमोजे, कारण बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो.

रस्त्यावर आल्यावर अगदी कडेनं चालवू नका. डांबर संपतं तिथे साइडपट्टी चांगली तीन-चार बोटं खाली असते, चाक खाली उतरलं आणि तुम्ही तिरकं वर घ्यायला गेलात की ते कडेला घासतं आणि माणूस पडतो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मागच्या गाडीपुढे. दोन-तीन फूट आतूनच चालवा, मागून कितीही हॉर्न वाजू देत.

आता पंक्चर. नुसती ट्यूब बदलून भागत नाही हो. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून बसतो, बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो, तोही नीट बघितलं तर, आणि आतून टोक तसंच वर असतं, ते नव्या ट्यूबलाही टोचणारच. टायर उतरवून आतून कापड फिरवा, अडकेल तिथे काटा आहे, पकडीनं उपटून काढा. जरा रुंद टायर बसतो का तेही सायकलवाल्याला विचारा, खडीवर बराच फरक पडतो.

ट्रॅकचा पिच्छा मात्र सोडू नका. तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना फोटोसकट लेखी अर्ज द्या, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर टाका म्हणजे जागा सापडत नाही म्हणायला नको. आणि 'बाभळी छाटा' एवढंच लिहू नका, 'छाटून फांद्या उचलून न्या' असं लिहा, कारण फांद्या तिथेच टाकून गेले की त्या वाळतात आणि वाळलेला काटा ओल्यापेक्षा कडक असतो.