शब्दामागे पैसे, पण कधी?

प्रश्न : अमेरिकेतल्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायचा खेळ) 5,000 शब्दांचं साहस, म्हणजे खेळायचं कथानक, लिहितोय. त्यात मी रचलेला एक राक्षस आहे. करारात ‘वर्क फॉर हायर’ आहे, पैसे शब्दामागे, छापून आल्यावर. सही करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘वर्क फॉर हायर’ म्हणजे तिकडच्या कायद्याने लेखक म्हणून प्रकाशकच धरला जातो. तुमचा राक्षस पुढे दहा पुस्तकांत नाचला तरी तुम्हाला दमडी नाही. ते एकवेळ चालेल, या धंद्यात तशीच रीत आहे. ‘छापून आल्यावर’ मात्र खोडायला लावा! दादरच्या खोलीत रात्री जागून लिहिलेलं माझं प्रकरण पुस्तकच रद्द झाल्याने बुडालं. मजकूर स्वीकारल्यापासून 30 दिवसांत पैसे मागा. शब्द कापले तर हिशेब दिलेल्या शब्दांचा की छापलेल्या, तेही लिहून घ्या. राक्षसावर फारच जीव असेल, तर डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे गाभ्याचे नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना वापरायला खुले आहेत. त्यांना श्रेय देऊन आपलं साहस स्वतःच छापा.