थरथरणारी स्क्रोल सॉ: ६२ हजारांचं नवं मशीन की साडेचार हजारांची दुरुस्ती?

प्रश्न : मी कुडाळला घरीच लाकडी नेमप्लेट कापून विकते. माझी १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणारं मशीन) साडेअकरा हजारांची, साधीच आहे. वेग वाढवला की टेबलासकट थरथरते आणि रेघ सुटते. महिन्याला ३० पाट्या ६०० रुपयांप्रमाणे जातात. लाकूड, पॉलिश आणि पॅकिंगला पाटीमागे २२० रुपये लागतात, वेळ पावणेतीन तास. साधारण ४ पाट्या कापतानाच वाया जातात, १५ ऐवजी ४० ब्लेडं लागतात आणि कडा खरखरीत येत असल्याने प्रत्येक पाटीला २५ मिनिटं जास्त घासावं लागतं. मशीन लोखंडी घडीच्या टेबलावर दोन क्लॅम्पने बसवलं आहे. पॅरलल-लिंक प्रकारचं २० इंची मशीन ६२,००० रुपयांना मिळतंय. कार्डावर १६ टक्क्यांनी १८ महिन्यांचा ईएमआय करू, की ८०,०००ची एफडी मोडू? घरखर्च महिना २६,००० आहे, दुसरी शिल्लक नाही.

उत्तर : ताई, आज दोन्हीतलं काहीच करू नका. नव्या मशीनची तुलना तुम्ही आजच्या खडखडणाऱ्या मशीनशी करताय. ती दुरुस्त केलेल्या जुन्या मशीनशी करायला हवी. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून थरथरीचा मोठा भाग मशीनमधून नाही, टेबलामधून येत असावा असं दिसतं.

आधी थरथरीची किंमत काढू. वाया गेलेल्या पाटीला पॉलिश आणि पॅकिंग लागत नाही, लाकूड जातं. ते १३० रुपये धरलं तर चार पाट्यांचे ५२०. जादा २५ ब्लेडं, २२ रुपयांप्रमाणे ५५०. म्हणजे महिन्याला रोख तोटा १,०७० रुपये. वेळेचा तोटा याहून मोठा आहे: घासण्याचे साडेबारा तास आणि वाया गेलेल्या पाट्यांच्या कापणीचे सुमारे चार, असे साडेसोळा तास. तेवढ्या वेळात आणखी ६ पाट्या होतील आणि पाटीमागे ३८० रुपयांप्रमाणे (६०० वजा २२०) २,२८० मिळतील, पण त्या सहा पाट्यांना गिऱ्हाईक असेल तरच. सगळं जमून आलं तरी थरथर पूर्ण थांबण्याची किंमत महिना ३,३५० रुपये.

कार्डाचा हप्ता येतो ३,९०० रुपयांच्या आसपास. १८ महिन्यांत व्याज ८,१५० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी सुमारे १,४७०, शिवाय प्रोसेसिंग फी. तुमची आजची खरी कमाई ३० पाट्यांचे ११,४०० वजा १,०७० म्हणजे १०,३३० रुपये आहे, आणि हप्ता तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग घेईल. नवं मशीन सर्वोत्तम चाललं तरी हप्ता फायद्यापेक्षा मोठाच राहतो. दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाला, तर रोखीत किती सूट मिळते ते आधी विचारा. व्याज बहुतेक वेळा त्या सुटीत लपलेलं असतं आणि व्याजावरचा जीएसटी तरीही कार्डावर लागतो.

एफडी म्हणजे तुमच्या घराचा तीन महिन्यांचा खर्च आहे. त्यातून ६२,००० काढले तर उरलेल्या १८,००० वर तीन आठवडे निघतील. मुदतीआधी मोडल्याचा दंड त्यापुढे किरकोळ आहे. घरात आजारपण आलं तर मशीन विकून पैसे उभे राहत नाहीत, म्हणून त्या पैशाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता मशीनकडे वळू. स्वस्त १६ इंची स्क्रोल सॉमध्ये वरचा आणि खालचा असे दोन्ही लांब दांडे अख्खेच वरखाली झुलतात. पॅरलल-लिंक मशीनमध्ये दांड्यांच्या आतली सळई पुढेमागे होते आणि टोकाचे छोटे दुवेच वरखाली होतात. हलणारं वजन कमी, म्हणून ते शांत चालतं. हा फरक दुरुस्तीने जाणार नाही. पण स्ट्रोक (ब्लेड वरखाली जातं ते अंतर) तेवढाच असताना हादऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मिनिटाला १,६०० स्ट्रोकऐवजी १,१०० वर चालवलंत तर जोर निम्म्याहून खाली येतो, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. एखाद्या ठरावीक वेगालाच थरथर एकदम वाढत असेल, तर तो वेग टेबलाच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळतोय. नॉबवर तिथे खूण करा आणि तेवढा पट्टा टाळून काम करा.

खर्चाआधी एक तपासणी करा. मशीन टेबलावरून काढा, जमिनीवर जाड रबरी चटई टाकून त्यावर ठेवा, ब्लेड ताणून लावा आणि चालवा. (ब्लेडशिवाय चालवू नका. या प्रकारात ब्लेड आणि मागची ताणाची सळई मिळून दोन्ही दांडे एकमेकांशी बांधलेले असतात, ब्लेड नसेल तर वरचा दांडा मोकळा आपटतो.) जमिनीवर थरथर बरीच कमी झाली, तर दोष घडीच्या टेबलाचा. तशीच राहिली तर दोष आत आहे.

आतला दोष पाहताना प्लग काढून ठेवा. वरच्या दांड्याचं टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. स्पष्ट खेळ जाणवला तर दांड्याच्या सांध्यातले बुश (आतल्या धातूच्या छोट्या नळ्या) झिजलेत. आधी तेल देऊन बघा: मशीन कुशीवर आडवं करून सांध्याच्या टोकाशी एसएई २० किंवा ३० तेलाचे थोडे थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर तेच. पुढे साधारण ५० तासांच्या कामानंतर पुन्हा. तरी खेळ राहिला तर लेथवाल्याकडून गनमेटलचे बुश करून घ्या. मोटरच्या दांड्यावरचं एक्सेंट्रिक (फिरण्याचं वरखाली हलण्यात रूपांतर करणारा भाग) आणि त्याला जोडलेलं वजन यांचे स्क्रू ढिले झालेले असतात, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ते काढून पुसा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत आवळा. मोटर ज्या बोल्टांवर बसते तेही बघा. मशीन अजून वॉरंटीत असेल, तर आतलं काही उघडण्याआधी विक्रेत्याला कळवा.

ब्लेडचा ताण कमी असला तरी ब्लेड वळतं, रेघ सुटते आणि दोष थरथरीवर जातो. ताणलेल्या ब्लेडला बोटाने छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ आवाज यावा, भद्द नाही. बाजूने दाबल्यावर ते सुमारे ३ मिलीमीटरच हलावं. लाकूडच टेबलावरून उडत असेल, तर तो मशीनचा हादरा नव्हे: वर जाताना दात लाकूड उचलतात. दाबपट्टी (ब्लेडजवळ लाकूड वरून दाबून धरणारी पट्टी) लाकडाला टेकेल इतकी खाली घ्या. खालची कड खरखरीत येत असेल, तर खालचे काही दात उलटे असलेली रिव्हर्स-टूथ ब्लेडं घ्या. पिनच्या ब्लेडपेक्षा बिनपिनचं सपाट ब्लेड बारीक असतं आणि वळणावर ऐकतं. १८-२० मिलीमीटर लाकडाला ५ नंबर चालतं.

खरा पैसा बैठकीवर घाला. १८ मिलीमीटर प्लायचे दोन तुकडे, दोन फूट बाय दीड फूट, एकमेकांना चिकटवून ३६ मिलीमीटरचा फळा करा. मशीनच्या पायांची भोकं त्यावर उतरवा. एम८ चे ६० मिलीमीटर लांब बोल्ट खालून घाला, डोकं आत बसेल एवढा खड्डा करा, वरून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्याने ढिला न होणारा) लावा. आवळण्याआधी मशीनचे पाय फळ्यावर नीट टेकलेत का ते कागद सरकवून पाहा. एखादा पाय अधांतरी असेल तर त्याखाली पत्र्याची चकती द्या. तसाच आवळला तर बेस पिळतो, दांडे तिरके होतात आणि थरथर उलट वाढते. मशीन आणि फळा यांच्यामध्ये फोम किंवा जाड रबर घालू नका, मशीन त्यावर डोलायला लागतं. त्या जोडात घट्टपणा हवा.

मऊपणा खाली हवा. फळ्याखाली तेवढ्याच मापाचा ३० मिलीमीटर जाडीचा कडप्पा एपॉक्सीने चिकटवा. त्याचं वजन २२ किलोच्या आसपास भरतं, फळ्याचं सहाएक किलो. एवढं वजन हलवायला दांड्यांचा जोर पुरा पडत नाही. कडप्प्याखाली ८-१० मिलीमीटरची रबरी चटई आणि त्याखाली ४०x४०x५ अँगलचा वेल्डिंग केलेला स्टँड, पाय बाहेर फाकवलेले, खालच्या बाजूला कर्णात पट्ट्या. खालच्या फळीवर २५ किलो वाळूची गोणी ठेवली तर उत्तम.

खर्चाचा माझा अंदाज: स्टँड २,२००, प्लाय ७००, कडप्प्याचा उरलेला तुकडा ५००, रबर ३५०, बोल्ट-वॉशर १५०, तेल आणि बुश ६००. एकूण ४,५००. गावाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. तुकडे मागून घेतलेत तर कमीच. चटईवर मशीन शांत चाललं तर बुशला हातही लावू नका.

यातून थरथरीचा दोन तृतीयांश तोटा वाचेल असं सावधपणे धरतो. रोख सुमारे ७०० रुपये महिना, म्हणजे साडेसहा महिन्यांत खर्च निघतो. वाचलेल्या ११ तासांत दोनच पाट्या जास्त विकल्या गेल्या तर तीन-चार महिन्यांतच. आता नव्या मशीनला भरून काढायला उरतो फक्त एक तृतीयांश: रोख ३७० आणि फार तर दोन पाट्यांचे ७६०, मिळून १,१३० रुपये. या वेगाने ६२,००० वसूल व्हायला ५५ महिने, म्हणजे साडेचार वर्षं लागतील.

दुरुस्तीनंतर निदान तीन महिने वहीत चार आकडे लिहा: विकलेल्या पाट्या, वाया गेलेल्या, तुटलेली ब्लेडं, वेळेअभावी परत पाठवलेल्या ऑर्डरी. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा. सलग तीन महिने दर महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी परत जायला लागल्या, किंवा बुश बदलूनही दांड्याचा खेळ जाईना, तर नवं मशीन घेण्याला अर्थ आहे. पण गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांवरून हे ठरवू नका, कोकणात त्या दिवसांत मागणी फुगलेली असते.

त्या वेळेसाठी पैशाची वाट आत्ताच मोकळी करा. महिना १,५०० चं आवर्ती ठेव खातं उघडा. शिवाय १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे आणि खेळणी बनवणारेही आहेत. प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर. पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांसाठी. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. तुमचं काम सुतारकामात बसतं का, हे ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीच्या पडताळणीत ठरतं. नोंदणी आधार घेऊन सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात होते.

हे कर्ज मिळालं तरी ६२,००० चा हप्ता ३,५८० येतो, म्हणजे आजच्या जास्तीत जास्त फायद्याहूनही वर. व्याज स्वस्त झालं म्हणून आत्ता मशीन परवडतं असं होत नाही, ऑर्डरी वाढल्या तरच परवडतं. व्हाउचरची गोष्ट वेगळी, ते परत फेडायचं नसतं. म्हणून नोंदणी सुरू असेल तर ती याच महिन्यात करा, कर्जाचा अर्ज मात्र वहीतला चौथा आकडा सांगेल तेव्हाच.