उभ्या गाडीत बॅटरी कोण खातं?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवला. तेव्हापासून गाडी दहा दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो. बॅटरी 45 अँपिअर-तासांची, वर्षभराचीच आहे. बदलावी का?

उत्तर : इतक्यात नको, कारण नवी बॅटरीही अशीच उतरेल. गाडी बंद असतानाही कंट्रोल युनिट, लॉक, घड्याळ मिळून साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर घेतातच. नीट झोपलेला ट्रॅकर त्यात जेमतेम पाच-दहाची भर घालतो, पण जागा राहिलेला सहज 70 घेतो. गाडीचे 30 आणि त्याचे 70 धरले, तर दिवसाला 2.4 आणि दहा दिवसांत 24 अँपिअर-तास गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी!

पहिला संशय तिसऱ्या वायरवर घ्या. लाल वायर कायम चालू असलेल्या पॉझिटिव्हला आणि काळी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला जाते. तिसरी इग्निशनची असते. तिचा रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून ट्रॅकरसोबतचा वायरिंगचा कागद बघा. घाईत बसवताना ती लाल वायरलाच पिळून टाकलेली असते. मग गाडी सतत चालू आहे असं समजून ट्रॅकर झोपतच नाही. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून तपासा. किल्ली बंद असताना या वायरवर शून्य आणि चालू केल्यावर 12 च्या आसपास दिसायला हवं. बंद असतानाही 12 दिसले तर चोर सापडला. ती वायर फक्त इग्निशनसोबत चालू होणाऱ्या फ्यूजवर घ्या.

वायर बरोबर निघाली तर करंट मोजा. बॉनेट उघडं ठेवा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मीटरचा लाल प्रोब 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून केबलला लावा आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्हला. दारं बंदच ठेवा, मधे उघडलीत तर सगळं पुन्हा जागं होतं. 30-40 मिनिटांनी आकडा स्थिरावला की ट्रॅकरचा फ्यूज काढा. आकडा जेवढा खाली येईल, तेवढा ट्रॅकरचा वाटा. मीटर जोडलेला असताना इग्निशन मात्र चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

प्रश्न : माझी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असते. त्याने फरक पडतो का?

उत्तर : पडतो. नेटवर्क मिळेना की ट्रॅकर ते पुन्हा पुन्हा शोधत बसतो आणि त्यातच जास्त करंट जातो. सेटिंगमध्ये गाडी उभी असतानाची लोकेशन पाठवण्याची वेळ मिनिटांवरून तासांवर न्या आणि स्लीप मोड चालू आहे ना, ते बघा. इंजिन बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडला असेल तर गाडी उभी असताना त्याला हात लावून बघा. कोमट लागला तर त्याच्या आतल्या कॉइलमधून सतत करंट वाहतोय. एकटा रिलेच शंभराच्या वर मिलीअँपिअर खाऊ शकतो, त्यामुळे त्याची जोडणी बदलून घ्या.

दोष काढल्यावर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. जवळच्या चार फेऱ्यांनी ती भरत नाही. रात्रभर केबल काढून ठेवल्यावरही 12.6 व्होल्टच्या आसपास टिकली नाही, तरच बदला.