रक्ताचा थेंब, लेझर आणि कर्करोग: फोंड्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमच्या आईला ४३ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तुम्ही आता ३५ च्या. शिबिरात तुम्हांला सांगितलं की लेझरखाली रक्ताचा थेंब ठेवला की कर्करोग आधीच कळतो, बाकी तपासण्या नकोत. हे खरं का, असं विचारलंत. माझी २२ वर्षं लॅबमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शास्त्र खरं आहे, आणि आपल्याच मातीतलं. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवलं की पदार्थावर पडलेला थोडासा प्रकाश रंग बदलून विखुरतो. रेणू कसा थरथरतो त्यावर तो बदल ठरतो, म्हणून रक्तातल्या प्रथिनांची, चरबीची खूण त्यात उमटते. इन्फ्रारेडनेही असंच वाचता येतं. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) रामन पद्धतीने तपासलं गेलंय. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले फेरेंक क्राउझ म्युनिकमध्ये इन्फ्रारेडवर हेच काम करतात. मला या कामाबद्दल मनापासून आशा आहे.

पण यंत्राला गाठ दिसत नाही. त्याला दिसतं रक्तातलं सगळं मिश्रण, आणि ते कशानेही बदलतं. चवथीच्या दिवसांत नेवऱ्या खाऊन थेट लॅबमध्ये आलेल्यांची नळी सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या यंत्रातून) काढली की वरचं सिरम पिवळसर, नितळ असायचं सोडून ताकासारखं गढूळ दिसतं. सुई नीट लागली नाही, पेशी फुटल्या, तर तेच गुलाबी होतं. साध्या डोळ्यांना दिसतो एवढा फरक, मग लेझरला किती दिसेल! ताप, मधुमेह, यकृताची सूज, सगळ्यांच्या खुणा त्यात मिसळतात.

शिवाय हिशेब बघा. हजार बायकांत ५ जणींना आजार आहे आणि तपासणी आजारी आणि निरोगी, दोघींच्याही बाबतीत ९० टक्के बरोबर आहे असं धरा. चार-पाच जणी सापडतील, पण साधारण १०० निरोगी बायकांच्या हातीही 'संशय' लिहिलेला कागद पडेल. त्यांच्या घरी त्या रात्री कोण जेवेल? आणि 'निगेटिव्ह' वाचून निर्धास्त झालेली, गाठ असलेली बाई तर मला जास्त भीतीदायक वाटते.

म्हणून त्या कागदावर काहीही येवो, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन डॉक्टरांना दाखवा. आईला इतक्या लवकर झाला, तेव्हा चाळिशीची वाट बघू नका. तुमच्या वयात स्तन बहुतेकदा दाट असतात, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) गाठ झाकली जाऊ शकते. सोबत सोनोग्राफी की एमआरआय, ते डॉक्टर ठरवतील. आईचा बायोप्सी रिपोर्ट बरोबर न्या. आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का, ते आधी घरी विचारून घ्या. बीआरसीए जनुकाची (त्यात बिघाड असला तर हे कर्करोग घराण्यात येऊ शकतात) तपासणी करायची का, हे बरंचसं त्यावर ठरतं.