सरकारी आकडे छापले तर नोटीस येईल?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरून पावसाचे आकडे उतरवून तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी पुस्तिका केली आहे. किंमत चाळीस रुपये, छपाई सुटावी एवढीच. मुलगा म्हणतो, "अण्णा, सरकारी आकडे विकलेत तर नोटीस येईल." मुखपृष्ठावर सिंहांची राजमुद्रा टाकली आहे, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. चालेल ना?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : गुरुजी, आकडे खुशाल छापा, सिंह तेवढे काढा.

चिरंजीव अगदीच चुकले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सरकारी कामावर हक्क सरकारचाच, तोही प्रकाशनानंतर साठ वर्षं. 'आमच्या करातून झालं म्हणजे आमचंच' हे पारावर ठीक, कोर्टात चालत नाही. मात्र २०१२ मध्ये केंद्राने माहिती खुली करण्याचं धोरण आणलं आणि २०१७ मध्ये त्यासाठीचा परवाना राजपत्रात आला. तुमचं संकेतस्थळ त्याच परवान्यावर चालतं. त्यातली माहिती वापरा, बदला, मराठीत आणा, विका. चाळीसला विका नाहीतर चारशेला. फक्त माहिती कुठल्या खात्याची, कुठून घेतली आणि कुठल्या परवान्याखाली, हे पुस्तिकेत स्पष्ट छापा.

आकडा चुकला तर सरकार हात वर करतं, तसं परवान्यातच लिहिलंय. एका तक्त्यात जुलैचा पाऊस ऑगस्टच्या रकान्यात सरकलेला मी स्वतः पाहिलाय. तेव्हा छापण्याआधी दोन-चार जुन्या शेतकऱ्यांना तक्ता दाखवाच.

आता सिंह. बोधचिन्हं, मुद्रा या परवान्यात येत नाहीत, आणि सरकारने तुमची पुस्तिका मान्य केली आहे असं भासवायलाही मनाई आहे. शिवाय राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद. विश्वास बसायला तुमचं नाव आणि शाळा पुरे!

पुढच्या आवृत्तीत अनुदान घेणाऱ्यांची नावं घालायचा मोह झाला तर आवरा; व्यक्तिगत माहितीही परवान्याबाहेर आहे. राज्याच्या एखाद्या खात्याच्या संकेतस्थळावरचे आकडे घेतलेत तर हा परवाना आपोआप लागू होत नाही. तिथे पानाच्या तळाशी 'कॉपीराइट धोरण' असतं, ते वाचा, आणि त्या दिवशीच्या पानाची प्रिंट तारखेसह फाइलला लावून ठेवा. ही पानं कधी बदलतील, नेम नाही.